मालकाकडे पाठ

लोणावळ्याहून वलवणच्या वाटेला लागलं, की बाहेरच्या सिग्नलच्या जरा पुढे, रुळांवरून हाक मारली तर ऐकू जाईल अशा अंतरावर एक घर लागतं. दोन खोल्या, पडवी, न्हाणी. ते सोपानराव शेलारांचं. येणारा-जाणारा त्याला एक घर समजतो. मारुती गवंड्याला विचारलं तर तो म्हणतो, पाच. बांधली त्याने, तेव्हा त्याच्या मोजणीला मान द्यायला हवा.

हकीकत सन चौतीसची. सोपानराव तेव्हा तळेगाव स्टेशनात पार्सल क्लार्क होते आणि मेअखेर तीस वर्षांची नोकरी पुरी करून निवृत्त व्हायचे होते. पाच जूनला रेल्वेची खोली रिकामी करायची, सातला मृग लागायचा. दगडमातीच्या भिंतींवर त्याच्या आत कौलं चढली तर शेलार कुटुंब आपल्या घरात. नाही चढली, तर लोणावळ्याच्या पावसात भिंतींचं पिठलं आणि शेलार कुटुंब नवलाख उंबरे गावी, सोपानरावांच्या पत्नी मुक्ताबाईंच्या धाकट्या भावाकडे, अंबाजीकडे.

आणि अंबाजीकडे जाणं शक्य नव्हतं. पाच वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, सोपानराव घर बांधणार म्हणे. त्यावर अंबाजी वाढता वाढता म्हणाला, "दाजी कुटलं घर बांधत्यात? दाजी पार्सलं बांधत्यात." अख्खी पंगत हसली. एकाच्या नाकात ताक गेलं. सोपानराव पानावरून उठले आणि उभ्यानेच म्हणाले, "अंबाजी, माझ्या घरातलं पाणी आधी तुला पाजीन. त्याशिवाय तुझ्या घरचा थेंब माझ्या घशाखाली जाणार नाही." मग ते उन्हात चार कोस चालत तळेगावला आले, आणि आल्यावर दोन तांबे पाणी प्याले.

एवढं ध्यानात असलं की पुढचं सोपं आहे.

फेरी पहिली

फाल्गुनातला रविवार. काम जोत्यापर्यंत आलेलं. सोपानराव छत्री, फूटपट्टी आणि खिसाभर रेल्वेची लेबलं घेऊन हजर झाले. लेबलं कशाला, असं विचारायचं कारण नाही. तीस वर्षांत त्यांचा एकच सिद्धांत पक्का झाला होता. प्रत्येक वस्तू कुठूनतरी आलेली असते आणि कुठेतरी जायची असते, आणि जिच्यावर हे लिहिलेलं नाही ती वस्तू संशयास्पद.

त्यांचं पाऊल आत पडताच मारुतीने थापी खाली ठेवली आणि वळून हात जोडले. त्याचे दोन जोडीदार वळले. वरच्या ठाकरवाडीतला बुधा आणि त्याची बायको बाया, दोघं चिखलाच्या पाट्या वाहत होती, तीही पाट्या उतरवून उभी राहिली. सोपानरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. स्टेशनात त्यांना पाहून हमालसुद्धा उठत नसत. ते दगडांच्या ढिगावर बसले. चहा झाला. कोणता दगड कुठल्या खाणीतला, चुना कुणाच्या भट्टीचा, सगळी चौकशी झाली. चौकटीच्या लाकडाला त्यांनी स्वहस्ते एक लेबल बांधलं: 'हा भाग वर'. मग म्हणाले, चालू द्या आता काम.

कुणी हललं नाही.

अर्ध्या तासाने त्यांनी पुन्हा सुचवलं. मारुतीने कान खाजवला.

"आमच्यात रीत हाय, मालक. मालकाकडं पाठ करून थापी मारायची न्हाई. आज्यापास्नं चालत आलंय."

"मग माझ्याकडे तोंड करून बांधा."

मारुतीने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा मालकाकडे. "भित्तीकडं तोंड केल्याबिगर भिंत कशी बांधायची, ते तुमी दावा. शिकू आमी."

सोपानराव रेल्वेचे माणूस. अडचण आली की गाडी दुसऱ्या रुळावर घ्यायची. ते भिंतीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले, म्हणजे मारुतीचं तोंड भिंतीकडेही आणि मालकाकडेही. पण मग समोरच्या भिंतीवरच्या दोघांची पाठ त्यांच्याकडे झाली. ते घराच्या मधोमध आले, तर चारही भिंतींवरचे लोक पाठमोरे. ते कोपऱ्यात गेले. कोपरा बरा होता, पण तिथे चिखल कालवत होते आणि बुधाची पाठ येत होती. घराला भिंती चार, मालकाला तोंड एक. हे गणित आजवर कुणाला सुटलेलं नाही, त्या रविवारीही सुटलं नाही. पाचच्या गाडीने सोपानराव अत्यंत समाधानाने परतले. एक दगड चढला नव्हता, पण सन्मान झाला होता.

फेरी दुसरी

तळेगावच्या खोलीशेजारी रूळ बदलणारा पॉइंट्समन नथू, त्याची आई झुंबरबाई. जन्मात स्वतःचं घर नव्हतं, त्यामुळे जगातल्या सर्व घरांविषयी तिचं मत निःपक्षपाती असे. तिने विचारलं, दारासमोर काय आहे? सोपानराव म्हणाले, सिग्नल. झुंबरबाईने तोंडावर पदर घेतला. दारापुढं खांब म्हणजे घरधन्याच्या छातीवर खांब, आणि हा तर हात वरखाली करणारा खांब.

तीस वर्षं सिग्नलच्या जिवावर जगलेल्या माणसाला त्या रात्री सिग्नलची धडकी भरली. हळदकुंकू वाहून, आंब्याचा डहाळा बांधून, मुहूर्तावर उभी केलेली चौकट पुढच्या रविवारी उपटली आणि पूर्वेचं दार उत्तरेला गेलं. त्यासाठी एक भिंत पाडावी लागली. पाडताना पाठ करायला हरकत नसते, असं मारुती म्हणाला. रीत फक्त बांधण्यापुरती होती.

फेरी तिसरी, आणि तिच्यामुळे पुढची एक

मुक्ताबाईंचं मागणं एकच होतं. चुलीपाशी खिडकी हवी. तीस वर्षं रेल्वेच्या खोलीत धूर खाल्ला, आता म्हातारपणी भाकरी थापताना डोंगर दिसू दे. खिडकी ठेवली होती. सोपानरावांनी तिच्यातून बाहेर वाकून पाहिलं. रस्ता दिसला. आपल्याला रस्ता दिसतो म्हणजे रस्त्याला आपण दिसतो, घरात कुणी किती भाकरी खातं ते वलवणचं पोर सांगेल, असा विचार करून त्यांनी खिडकी बुजवायला लावली.

ही बातमी मुक्ताबाईंना लागली. तीन दिवस त्यांनी भाकरी डोळे मिटून थापल्या. चौथ्या दिवशी जेवताना सोपानरावांना ते कळलं, कारण भाकरीचा आकार मावळ तालुक्याच्या नकाशासारखा होता. पुढच्या रविवारी खिडकी उघडली.

मारुतीने पहार खाली ठेवली आणि अगदी आदबीने म्हणाला, "मालक, भिंत झाली म्हून काय झालं? तिला बी लाज हाय."

फेरी पाचवी

चैत्रात दक्षिणेचा कोपरा ढासळला. आधीच तीनदा फोडून सांधलेला, त्याने किती दम धरायचा? पण बाया म्हणाली, नजर लागली. सोपानरावांनी विचारलं, कुणाची? त्याबरोबर मारुती आढ्याच्या जागी, म्हणजे आभाळात, बघू लागला. जोडीदारांना एकदम तंबाखू आठवली.

बुधा कमी बोलणारा माणूस. त्याने उपाय सांगितला. शेतात उभं करतात तसं बुजगावणं भिंतीवर उभं करायचं. सारी नजर तेच खातं. फक्त अंगावर मालकाचं वापरलेलं कापड पाहिजे, नाहीतर नजरेला पत्ता सापडत नाही.

पत्ता हा शब्द ऐकून सोपानरावांना पटलं. कापड म्हणजे धोतर वगैरे देऊन भागलं असतं, पण बाया म्हणाली, ज्यात मालक मालक दिसतात ते द्या. म्हणजे कोट. रेल्वेचा काळा, पितळी बटणांचा. दोनपैकी जुना कोट त्यांनी घडी घालून आणला आणि देताना खिशावरून असा हात फिरवला, की जणू मुलगी सासरी धाडताहेत.

बुधाने कोटात पेंढा भरला, बाह्यांतून बांबू घातला, तळ फुटलेलं मडकं डोकं म्हणून उपडं बसवलं. चुन्याचे डोळे, कोळशाच्या मिश्या. मिश्या काढताना त्याने सोपानरावांकडे दोनदा वळून पाहिलं. मग ते ध्यान उत्तरेच्या भिंतीवर चढवलं. सोपानराव परत जाताना रस्त्यावरून मागे वळले, तर भिंतीवर आपण उभे. जरा जाड वाटलो, पण रुबाब होता. तेवढ्यात एका टांगेवाल्याने त्या मडक्याला रामराम केला आणि खाली उभ्या असलेल्या खऱ्या सोपानरावांना, ए, बाजूला हो, असं सांगितलं.

आणि काम सुटलं. बुजगावण्याकडे पाठ करायची नाही अशी कुणाच्या आज्याची रीत नव्हती. आठ दिवसांत भिंती खांद्याला लागल्या. नथूकरवी ही खबर आली तेव्हा मुक्ताबाईंनी नवऱ्यासमोर दिवा ठेवला आणि कबूल करून घेतलं, की छप्पर होईपर्यंत तिकडे फिरकायचं नाही.

"पण घर माझं आहे," सोपानराव म्हणाले.

"तुमचा कोट तिथे उभा आहे तेवढं पुरे," मुक्ताबाई म्हणाल्या.

न झालेल्या फेऱ्या

पाच रविवार सोपानराव गेले नाहीत. हे त्यांच्या चरित्रातलं सर्वांत मोठं तप. त्या काळात घराकडून त्यांच्याकडे फक्त कागद आले.

पहिला कागद त्या भागातल्या रस्त्यांवर देखरेख करणाऱ्या ओव्हरसियरचा. 'सदर इमारतीचा ओटा रस्त्यात वीतभर आलेला आहे. याबाबत भिंतीवर उभे असलेल्या मालकांस खालून तीन वेळा विचारणा केली असता मालकांनी तोंड उघडले नाही, वा नमस्कारही केला नाही. सदर इसम उद्धट असल्याचे दिसते.' ओटा वीतभर तासला. उद्धटपणाबद्दल सोपानरावांनी लेखी दिलगिरी पाठवली. मडक्याच्या वतीने.

दुसरा कागद जिव्हारी लागला. रेल्वेचे इन्स्पेक्टरसाहेब एका मंगळवारी तळेगावला उतरले, पार्सल ऑफिसात सोपानरावांशी बोलले आणि त्याच पॅसेंजरने लोणावळ्याकडे निघाले. बाहेरच्या सिग्नलला गाडी थांबली. साहेबांनी खिडकीतून पाहिलं, तर सोपानराव भिंतीवर. मेमो इंग्रजीत होता. तात्पर्य असं, की कामावर हजर असता तुम्ही भिंतीवर कसे होता, आणि विशेषतः गाडीच्या आधी कसे पोहोचलात, याचा खुलासा करावा.

तीस वर्षांत एक मेमो नव्हता. सोपानरावांनी दोन रात्री जागून खुलासा लिहिला, की तो मी नसून माझा कोट होता. आत पेंढा होता. उलट शेरा आला: खुलासा तूर्त मान्य. पुढच्या खेपेस स्वतः खात्री करीन.

तिसरा कागद कुणी पाठवला नाही, तो सोपानरावांनी स्वतःच शोधून काढला. मंगलोरी कौलांची वॅगन येत्या आठवड्यात लोणावळ्याला लागायची होती. वॅगन भरली तिथे जाऊन लेबल त्यांनी स्वतः चिकटवलं होतं. ती कुठवर आली म्हणून तारा केल्या, तर वॅगन सोलापुरात. कारण वॅगनच्या एका बाजूला त्यांनी 'लोणावळा' लावलं होतं आणि दुसऱ्या बाजूचं मागच्या खेपेचं 'सोलापूर' खरवडायचं राहिलं होतं. नेमक्या याच चुकीबद्दल तीस वर्षांत किती पोरांना त्यांनी फैलावर घेतलं असेल, ते तळेगाव स्टेशनच्या भिंती जाणोत. कौलं परत यायला चार आठवडे. मृगाला तीन.

ते घरी कुणाला बोलले नाहीत. जेवले, पान खाल्लं, नथूला हवापाणी विचारलं. मुक्ताबाईंनी एकदाच त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी बाजाराला निघालेल्या झुंबरबाईबरोबर कुठेतरी निरोप धाडला. कुठे, ते सोपानरावांनी विचारलं नाही. विचारायची ताकद नव्हती.

फेरी शेवटची

मेचा चौथा मंगळवार. पोटात कळ येते असा कागद स्टेशनमास्तरांकडे टाकून सोपानराव पहाटेच्या मालगाडीने, ओळखीच्या गार्डाच्या डब्यात बसून लोणावळ्याला आले. आयुष्यातला पहिला खोटा कागद. खोटा तरी कसा म्हणावा? कळ येतच होती, फक्त पोटात नव्हती. कौलं येणार नाहीत, आढं चढवू नका, वर गवत टाका, एवढं मारुतीला सांगायचं आणि परत फिरायचं.

ते पोहोचले आणि थबकले. वासे तासून तयार होते. आढं दोरांवर वर चाललं होतं. खाली एक बैलगाडी सुटलेली, आणि जोत्याला टेकून कौलांच्या थप्प्या. लालभडक, मंगलोरी.

सगळ्यांनी वळून हात जोडले. आढं दोरावर लोंबकळत राहिलं.

"कौलं कुठून आली?"

"आली मालगाडीनं," मारुती आढ्याकडे बघत म्हणाला.

"कुठल्या मालगाडीनं? पावती? लेबल?"

मारुतीने बुधाकडे पाहिलं. बुधाने बैलाकडे पाहिलं. सोपानराव शिडी चढून भिंतीवर गेले. वरून थप्प्या मोजता येतील, आणि कदाचित गाडीही ओळखता येईल. वर जाताच पहिली गोष्ट त्यांच्या ध्यानात आली, की भिंतीवर आपण नाही.

"बुजगावणं कुठाय?"

"बैलांनी खाल्लं," बुधा म्हणाला.

आढ्याला जागा करायला ते सकाळी खाली उतरवलं होतं. गाडीचे बैल नवलाखी भूक घेऊन आले होते. पेंढा पोटात गेला, कोट आणि मडकं चुन्याच्या ढिगावर पडलं होतं.

याच क्षणी पॅसेंजर आली आणि बाहेरच्या सिग्नलला थांबली. मंगळवारची पॅसेंजर. पहिल्या वर्गाच्या दारात पांढरी टोपी.

सोपानरावांचं डोकं एरवी मालगाडीच्या वेगाने चाले, त्या वेळी मेलच्या वेगाने चाललं. भिंतीवर बुजगावणं दिसलं नाही तर खुलासा खोटा. भिंतीवर सोपानराव दिसले तर पोटातली कळ खोटी. म्हणजे भिंतीवर बुजगावणंच दिसलं पाहिजे, आणि बुजगावणं तर बैलांच्या पोटात.

ते आढ्याआड खाली बसले. "बुधा," ते म्हणाले, आणि गेल्या तीस वर्षांत स्टेशनात कधी न बोललेली आपली बोली त्यांच्या तोंडी आली, "कोट आन हिकडं. मडकं बी."

बुधाने दोन्ही वर आणलं. कोट चढवला, बाह्यांतून बांबू सारला, डोक्यावर मडकं बसवलं. ते मिश्यांपर्यंत आलं. कोळशाच्या मिश्या आणि खऱ्या मिश्या एकाखाली एक झाल्या. बायाने खालून निरखलं आणि म्हणाली, "आता बोलायचं न्हाई हं, मालक. बोललं की नजर बाहेर सांडती."

सोपानराव उभे राहिले, हात पसरून.

मारुतीने एक क्षण विचार केला. भिंतीवर होतं ते मालक की बुजगावणं? रीतीचा प्रश्न होता. मग त्याने मडक्याकडे मनातल्या मनात हात जोडले, पाठ केली, आणि ओरडला, "व्हं म्होरं! आढं चढवा!"

सिग्नल पडेना. मडक्याच्या फटीतून सोपानरावांना साहेब दिसत होते. साहेब वही काढून बघत होते. ऊन कोटात शिरलं. पाठीला खाज सुटली. एक कावळा आला आणि उजव्या हातावर बसला, मग बटण टोचून पाहू लागला. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. (तो शेरा पुढे आठ दिवसांनी आला: 'बुजगावणे समक्ष पाहिले. कावळ्यांवर उपयोग होत नाही. प्रकरण बंद.')

आणि सोपानरावांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याकडे बिनदिक्कत पाठ करून, मारुतीने आढं बसवलं. ते डावीकडे चार बोटं जास्त आहे, असं त्यांना वाटलं. ओरडावंसं वाटलं. पण ओरडणार कोण? मारुतीने ओळंबा सोडला, पाचर ठोकली, आणि आढं जागेवर असं बसलं, की जणू जन्मापासून तिथेच होतं. पाच रविवार आपण इथे नव्हतो म्हणून भिंती सरळ आहेत, ही गोष्ट मडक्याच्या अंधारात त्यांना फार स्पष्ट दिसली. ती पाहण्यासारखी नव्हती, पण डोळे मिटले तरी दिसत होती.

तेवढ्यात रस्त्यावर दुसरी बैलगाडी वाजली. कौलांनी भरलेली. पुढे बसलेला माणूस उतरला, घाम पुसला, आणि सोपानरावांनी मडक्यात श्वास धरला. तो अंबाजी होता.

बायाने रांजणातलं पाणी त्याला दिलं. त्याने चौकटीत उंबऱ्यावर बसून तांब्याभर पाणी प्यायलं. मग मारुतीला म्हणाला,

"ही शेवटची खेप. कमी पडली तर पडवीवर देशी घाल. गोठ्यासाटी आनली हुती, समदी दिली. बैलं ऱ्हातील एक पावसाळा चिंचंखाली."

"मालकास्नी काय सांगू? पावती मागत्यात."

"मालगाडीनं आली म्हन. माजं नाव घेऊ नगंस." अंबाजीने रिकामा तांब्या बायाला दिला. "त्या पंगतीत म्या बोलाय नको हुतं. आक्का तवापास्नं माहेरपनाला आली न्हाई. दाजी मानी मानूस हाय. कौलं कुनाची कळलं तर उतरवून ठिवील, आन पावसात बसंल छत्री घिऊन."

सिग्नल पडला. गाडी हलली, पांढरी टोपी पुढे सरकली, शेवटचा डबा वळणाआड गेला. बुधाने वर पाहिलं. आता उतरायला हरकत नव्हती.

सोपानराव उतरले नाहीत. हात पसरून तसेच उभे राहिले. आता उतरलं तर अंबाजीला कळणार, की आपण ऐकलं. अंबाजीला कळलं तर कौलं कुठून आली हे आपल्याला ठाऊक नाही, असं आयुष्यात परत म्हणता येणार नाही. लेबल नसलेली दोन गाड्या कौलं खाली उभी होती आणि पहिल्यांदाच त्यांना लेबल नको होतं. त्यांनी ठरवलं, अंबाजी जाईपर्यंत थांबायचं.

अंबाजी जाईना. तो कौलं उतरवू लागला. आढ्यावर वासे ठोकून झाले तशी शिडीवर उभा राहून ती वर देऊ लागला. माणसांची साखळी लागली, कौलं हातोहात चढू लागली, आणि सगळ्यांची पाठ मालकाकडे. दुपार डोक्यावर आली. सोपानरावांच्या हातांना मुंग्या आल्या, घसा कोरडा पडला, आणि मडक्याखालून घामाचा एक ओघळ निघून कोळशाच्या मिशीवरून हनुवटीपर्यंत आला.

कौलं देता देता अंबाजी थांबला. त्याने बुजगावण्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग तो खाली उतरला, आपल्या गाडीपाशी गेला, जुवाला बांधलेली चामड्याची पखाल सोडून तांब्या भरला आणि शिडी चढून वर आला. मारुतीची थापी थांबली. बायाने पदर तोंडाला लावला.

"बुजगावन्याला काय तहान लागत न्हाई," अंबाजी कुणाशीच न बोलल्यासारखा म्हणाला. "पर कोट काळा हाय. कोटाला लागत आसंल." त्याने तांब्या मडक्याच्या कडेखाली, खऱ्या मिश्यांशी धरला. "पानी आमच्या आडाचं हाय. नवलाख उंबऱ्याचं."

सोपानरावांचे ओठ तांब्यापासून बोटभर अंतरावर थांबले. पंगत आठवली, नाकात ताक गेलेला माणूस आठवला, चार कोसांचं ऊन आठवलं. पण ते हाडाचे कारकून होते, आणि शब्दाला पक्के होते, आणि शपथ त्यांना अक्षरशः पाठ होती. आधी माझ्या घरातलं पाणी तुला. ते तर तो उंबऱ्यावर बसून प्यायला होता. रांजण माझा, उंबरा माझा, वर आढंसुद्धा माझं. नोंद झाली. आता पुढची नोंद करायला नियमाची हरकत नव्हती.

ते प्याले. तांब्या रिकामा होईपर्यंत, मधे श्वास न घेता.

मग त्यांनी मडकं काढायला बांबूसकट हात हलवला. अंबाजीने मडक्यावर हात ठेवला आणि ते होतं तसं खाली दाबलं.

"ऱ्हाऊ द्या, दाजी," तो हळूच म्हणाला. "गाडी अजून लांब गेली न्हाई."

गाडी केव्हाच लोणावळा सोडून खंडाळ्याचा घाट उतरली होती. हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. सोपानराव मडक्याच्या आत थोडा वेळ तसेच उभे राहिले, आणि त्यांच्याकडे पाठ करून माणसं कौलं चढवत राहिली.